गेट कुठे घालायचं आणि कुठे नाही

माझा भाचा शिपवर जायच्या तयारीला लागलाय. आमच्या गोव्यात ह्यात नवीन काही नाही, वाड्यावर एकतरी तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा, असतोच, पण ह्याची प्राथमिक शाळा मराठीतली, पाचवीपासून इंग्रजी, घरात मराठी आणि बाहेर कोकणी, त्यामुळे इंटरव्ह्यू इंग्रजीतून म्हटल्यावर पोटात गोळा. कोणीतरी ह्याला सांगितलं की बोलताना सारखं गेट (get) गेट केलंस तर इंग्रजी कच्चं वाटतं, म्हणून पठ्ठ्याने मोबाईलवर शोधून गेटचे पंचवीस समानार्थी शब्द वहीत उतरवले, रिसीव्ह, ऑब्टेन, अक्वायर, प्रोक्युअर, गेन, अर्न, फेच, आणि दोन दिवसांत घोकून मोकळा. मग मला म्हणतो मामा ऐक, आणि सुरुवातच केली, 'एव्हरी डे आय ऑब्टेन अप ॲट सिक्स.'

हसू आवरलं आणि त्याला समोर बसवलं. तेव्हा जे सांगितलं तेच इथे लिहितोय. मी काही इंग्रजीचा मास्तर नाही, पण कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलच्या रिसेप्शनवर चौदा वर्षं काढलीत, ब्रिटिश, रशियन, दिल्लीवाले, सगळ्यांशी बोलून जी भाषा अंगात मुरली ती ही. आणि तिथे बसून एक गोष्ट कळली की इंग्रज माणूस स्वतः दिवसभर गेट गेटच करत असतो, त्याला कोणी कच्चा म्हणत नाही, आपणच उगाच घाबरून ऑब्टेन नि प्रोक्युअर काढतो.

आधी मुळाची गोष्ट. गेट म्हणजे आधी नव्हतं आणि आता आहे, किंवा आधी तसं नव्हतं आणि आता तसं झालं. बस्स, एवढंच लक्षात ठेवायचं. नोकरी नव्हती, मिळाली, 'आय गॉट अ जॉब'. कोरडा होतो, भिजलो, 'आय गॉट वेट'. बेतीला होतो, पणजीला पोचलो, 'आय गॉट टू पणजी'. समजत नव्हतं, समजलं, 'आय गॉट इट'. मराठीत ह्या चार जागी चार वेगळी क्रियापदं आहेत आणि इंग्रजीत एकच, म्हणून आपला गोंधळ होतो. समानार्थी शब्दांची यादी पाठ करून तो सुटत नाही, उलट आपल्याच मराठी वाक्यात क्रियापद कुठलं आलंय ते बघायचं, इंग्रजीचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

म्हणजे कसं ते बघा. मराठीत 'मला' ने सुरू होणारी वाक्यं किती असतात, मला ताप आला, मला राग आला, मला पत्र आलं, मला सुट्टी मिळाली, मला भूक लागली. आता ह्यात बदल आहे का बघायचं. ताप आला म्हणजे काल नव्हता, 'आय गॉट अ फीवर'. राग आला, 'आय गॉट अँग्री'. पण 'मला ताप आहे' म्हटलं की बदल संपला, नुसती अवस्था राहिली, तिथे गेट चालत नाही, 'आय हॅव अ फीवर'. तसंच भूक लागली आहे म्हणजे 'आय ॲम हंग्री', आणि भूक लागायला लागली, जेवणाची वेळ होत आली, तर 'आय ॲम गेटिंग हंग्री'. 'आहे' असलं की ॲम, इज किंवा हॅव, आणि 'आला, लागला, झाला, मिळाला' असलं की गेट. शंभरातली सगळी वाक्यं ह्यात बसत नाहीत, अपघात झाला हे 'हॅड ॲन ॲक्सिडंट' असतं, 'गॉट ॲन ॲक्सिडंट' नव्हे, पण सुरुवात करायला हे पुरतं.

सगळ्यात सोपं म्हणजे 'मिळणे'. इथे मराठी आणि इंग्रजी जवळजवळ हातात हात घालून चालतात. इथे मासळी चांगली मिळते, 'यू गेट गुड फिश हिअर'. त्यातला 'यू' म्हणजे समोरचा माणूस नव्हे, कोणीही. बघायला मिळालं, 'आय गॉट टू सी इट', हे तर शब्दाला शब्द जुळतं, दूधसागर बघायला मिळाला नाही कारण पाऊस फार होता, 'वी डिडन्ट गेट टू सी दूधसागर'. फसगत एकाच ठिकाणी होते, ती म्हणजे मिळणाऱ्या वस्तूलाच आपण कर्ता करून टाकतो. भाचा रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीची वाट बघत उभा आणि फोनवर कोणाला तरी सांगतोय, 'नेटवर्क इज नॉट गेटिंग'. मराठीत नेटवर्क मिळत नाही, म्हणून इंग्रजीत पण नेटवर्कच पुढे. इंग्रजीत ज्याला मिळतं तो पुढे येतो, 'आय ॲम नॉट गेटिंग एनी नेटवर्क'. दुकानात जाऊन 'मिल्क इज गेटिंग हिअर?' विचारणारे पण मी पाहिलेत, दुकानदाराला कळतं म्हणा, दोघेही आपलेच, पण साहेबाला विचारायचं झालं तर 'डू यू हॅव मिल्क?'

कोकणी बोलणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. कोकणीत 'मेळ्ळो' म्हटलं की भेटला पण होतं आणि मिळाला पण. म्हाका तो बाजारांत मेळ्ळो आणि म्हाका नोकरी मेळ्ळी, दोन्हीकडे एकच शब्द. ह्याच सवयीने 'आय गॉट हिम इन द मार्केट' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुम्ही कोणा चोराला धरलंत. माणूस भेटला तर 'मेट', अचानक भेटला तर 'रॅन इनटू'. (मराठीत ह्याच्या उलटी गंमत चाललीय, आजकाल पुस्तक पण 'भेटतं' आणि पैसे पण 'भेटतात', आणि त्यावरून लोक एकमेकांच्या उरावर बसतात, तो विषय आज नको.)

आता 'होणे'. हा जरा खोल खड्डा आहे. मराठीत काळोख झाला, म्हातारा झाला, बरा झाला आणि डॉक्टर झाला, चारही ठिकाणी झाला. इंग्रजीत पहिल्या तिघांना गेट, 'गॉट डार्क, गॉट ओल्ड, गॉट बेटर', पण डॉक्टरला गेट लावलं की घात. 'ही गॉट अ डॉक्टर' म्हणजे त्याने डॉक्टरला बोलावून आणलं. कोणी काही बनला, पद किंवा धंदा मिळाला, की तिथे बिकम, 'ही बिकेम अ डॉक्टर'. थोडक्यात कसा झाला असा प्रश्न पडला तर गेट, कोण झाला असा पडला तर बिकम. बिकम पहिल्या जागी अगदी चुकीचं नाही, 'इट बिकेम डार्क' पुस्तकात वाचाल, पण बोलताना जड वाटतं.

उशीर झाला ह्याची तर वेगळीच कथा. आपण सगळे भारतीय 'आय ॲम गेटिंग लेट' म्हणतो आणि आपल्याआपल्यात ते चालून जातं. पण बाहेरचा माणूस म्हणतो 'इट्स गेटिंग लेट', म्हणजे रात्र होत चालली, वेळ झाली. स्वतःला उशीर होतोय तर 'आय ॲम रनिंग लेट' किंवा 'आय विल बी लेट'. शिपवर ड्युटीला उशीर झाला तर हे वाक्य लागणारच आहे असं मी भाच्याला सांगितलं, त्याला ते आवडलं नाही.

ह्या पुढचा भाग मात्र नीट वाचा कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय. एकदा सकाळी एक ब्रिटिश म्हातारी रिसेप्शनवर आली आणि विचारलं मॅनेजर कुठे. मॅनेजर गेला होता केस कापायला. मी मराठीतून विचार करून ऐटीत सांगितलं, 'मॅडम, ही इज कटिंग हिज हेअर.' बाईने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, 'हिमसेल्फ?' मी म्हटलं येस मॅडम. अर्ध्या तासाने मॅनेजर चकाचक कटिंग करून आला तेव्हा ती खरंच कौतुकाने त्याच्या मानेमागे बघत होती.

मराठीत केस कापले, दात काढला, घराला रंग लावला, गाडी सर्व्हिस केली असं आपण बिनधास्त म्हणतो, काम न्हावी, डॉक्टर, पेंटर, मेकॅनिक करतो हे ऐकणाऱ्याला ठाऊकच असतं. इंग्रजी तेवढं समजून घेत नाही. पण मराठीतच दुसरं रूप आहे, 'करून घेणे', आणि ते धरलं की काम झालं. केस कापून घेतले, 'आय गॉट माय हेअर कट'. चतुर्थीच्या आधी घर रंगवून घेतलं, 'वी गॉट द हाऊस पेंटेड बिफोर चतुर्थी'. नारळ पाडून घेतले, 'वी गॉट द कोकोनट्स प्लक्ड'. रचना लक्षात घ्या, आधी गॉट, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप, पेंटेड, प्लक्ड, रिपेअर्ड, डन. वाक्यात कुठेही 'करून घेतलं' बसत असेल तर ही रचना बसते.

आणि माणसाकडून करून घेतलं तर थोडं बदलतं. मध्ये माणूस येतो आणि मग 'टू'. पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, कसंबसं यायला लावलं, 'वी फायनली गॉट द प्लकर टू कम'. ज्यांच्या घरी माड आहेत त्यांना कळेल ह्या 'फायनली'त किती फोन आणि किती विनवण्या आहेत, कारण गेट समवन टू ह्यात समोरच्याला मनवल्याचा वास असतो. जबरदस्ती केली तर तिथे मेक, आणि मेकच्या मागे टू येत नाही, 'ही मेड मी वेट'. त्याला मला फोन करायला सांग हे तर रोजचं वाक्य, 'गेट हिम टू कॉल मी'.

आपल्या हातात नसताना काही घडलं, विशेषतः वाईट, की तिथे पण गेट येतं. मोबाईल चोरीला गेला, 'गॉट स्टोलन'. बदली झाली, 'गॉट ट्रान्सफर्ड'. हेल्मेट नव्हतं आणि पोलिसांनी पकडलं, 'आय गॉट कॉट'. ट्रॅफिकमध्ये अडकलो, 'गॉट स्टक'. इथे 'वॉज' घातलं तरी व्याकरण बरोबरच, 'वॉज स्टोलन', फक्त गॉटमध्ये माणसाचा वैताग ऐकू येतो आणि वॉजमध्ये पोलीस तक्रारीची भाषा. म्हणून तक्रार लिहिताना वॉज आणि मित्राला सांगताना गॉट. लग्न पण ह्याच रांगेत आहे, 'गॉट मॅरिड', विनोद तुमचे तुम्ही करा. फक्त लग्न कोणाशी झालं हे सांगताना 'विथ' नाही, 'टू'.

पोचणे. आपण मेसेज टाकतो 'रीच्ड' आणि आईला समाधान मिळतं, त्यात वाईट काही नाही. पण 'रीच्ड टू म्हापसा' चुकीचं, रीचच्या मागे टू येत नाही, गॉटच्या मागे येतो, 'रीच्ड म्हापसा' किंवा 'गॉट टू म्हापसा'. आणि घरी, इथे, तिथे ह्या तीन शब्दांआधी गॉटला पण टू नको, 'गॉट होम, गॉट हिअर, गॉट देअर'.

चढणं उतरणं हे भाच्यासाठी खास. कदंब बसमधून उतरताना आपण 'गेट डाऊन' म्हणतो, कंडक्टरपासून प्रिन्सिपलपर्यंत सगळे. साहेब बसमधून 'गेट ऑफ' करतो आणि कारमधून 'गेट आऊट'. हिशोब असा की ज्या गाडीत उभं राहून चालता येतं ती, बस, ट्रेन, विमान, फेरीबोट, शिप, तिला ऑन आणि ऑफ. ज्यात वाकून शिरायचं आणि बसायचं, कार, टॅक्सी, रिक्षा, बारकी होडी, तिला इन आणि आऊट. मोटरसायकल आणि घोडा ह्यांच्यावर बसतात, म्हणून ऑन. आणि हो, बाहेरच्याला 'यू कॅन गेट अ पायलट आऊटसाईड' असं सांगू नका, मी सांगितलंय, त्या बिचाऱ्याने आभाळाकडे बघितलं. पिवळा मडगार्ड असलेल्या मोटरसायकल टॅक्सीवाल्याला पायलट म्हणतात हे फक्त आपल्याला माहीत.

आता ते पंचवीस शब्द. ते फुकट नाहीत, फक्त त्यांची जागा वेगळी आहे. गेट हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तरेकडच्या व्हायकिंग लोकांच्या बोलीतून, टेक, वॉन्ट, दे हे शब्द पण त्यांचेच. रिसीव्ह आणि ऑब्टेन आले फ्रेंचमधून, त्यांचं मूळ लॅटिन, आणि १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि कचेऱ्या फ्रेंचमध्ये चालायला लागल्या, त्यामुळे असल्या शब्दांना कायमचा सरकारी वास लागला. आपल्याकडे हेच आहे की. पत्र मिळालं आणि पत्र प्राप्त झालं. शेजारणीला 'तुमची भाजी प्राप्त झाली' असं कोणी सांगत नाही, तसंच 'आय रिसीव्ड युवर व्हॉट्सॲप' पण कडक इस्त्रीचं वाटतं, तिथे 'गॉट युवर मेसेज' पुरे.

म्हणून मराठीत जिथे प्राप्त, संपादन असले शब्द लिहाल तिथेच हे जड शब्द काढायचे. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला मामलेदाराकडून काढला असं अर्जात लिहिताना ऑब्टेन, जमिनीचा एक-चौदाचा उतारा मिळवला तर ऑब्टेन. जमीन संपादन म्हणजे अक्वायर, मोपाच्या विमानतळाच्या वेळी आम्हा पेडणेकरांना हा शब्द न शिकवता पाठ झाला. वर्षानुवर्षं मेहनतीने अंगी आणलेली कला किंवा भाषा पण अक्वायर. प्रोक्युअर म्हणजे खात्याने टेंडर काढून केलेली खरेदी, तो घरी वापरूच नका. अर्न म्हणजे घाम गाळून मिळवलं, पैसा असो की मान. गेन म्हणजे आधी थोडं होतं त्यात भर पडली, वजन, अनुभव. फेच म्हणजे जाऊन घेऊन येणं, पण पाहुण्याला विचारताना 'कॅन आय गेट यू सम वॉटर?' हेच गोड लागतं, आणि हॉटेल किंवा शिपच्या नोकरीत हे एक वाक्य दिवसातून पन्नासदा लागतं, ते झोपेत पण यायला पाहिजे.

गेटच्या मागे छोटा शब्द लागला की अर्थ फिरतो, ते सगळे लिहायला बसलो तर रात्र होईल. रोजचे तेवढे घ्या. फोन लागत नाही, 'आय कान्ट गेट थ्रू'. त्या दोघांचं पटत नाही, 'दे डोन्ट गेट अलाँग'. भागतं कसंतरी, 'वी गेट बाय'. करून सवरून सुटला, 'ही गॉट अवे विथ इट'. सवय झाली, 'गॉट यूज्ड टू इट', आणि त्यापुढे क्रियापद आलं तर आयएनजी लावून, 'गॉट यूज्ड टू वर्किंग नाईट्स'. समोरच्याचं बोलणं कळलं नाही तर 'आय डिडन्ट गेट यू' असं आपण म्हणतो, त्यापेक्षा 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट' बरं, पहिल्यात तो माणूसच समजला नाही असं होतं.

एक शेवटचं राहिलं, गॉट की गॉटन. ब्रिटिश तिसरं रूप पण गॉटच करतात, अमेरिकन गॉटन. गॉटन चुकीचं म्हणून नाक मुरडणारे भेटतील, त्यांना सांगा ते जुनंच रूप आहे, अमेरिकेत टिकलं, इंग्लंडात गळालं, फरगॉटनमध्ये तर अजून आहेच. फक्त 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे कार आहे, हे दोन्हीकडे सारखंच, त्याचं गॉटन करायचं नाही. आणि देवनागरीत गेट लिहिलं की दाराचं गेट आणि हे गेट सारखंच दिसतं, बोलताना दाराचं लांबवायचं, हे तोडायचं.

सरावासाठी भाच्याला एकच काम दिलंय. दिवसभरात स्वतः मराठीत काय बोलला त्यातली मिळालं, झालं, आलं, लागलं, पोचलो, करून घेतलं असली दहा वाक्यं रात्री वहीत लिहायची आणि समोर इंग्रजी. पहिल्या रात्रीची दहा तपासली, सहा बरोबर होती. काल संध्याकाळी त्याचा मेसेज आला, 'मामा, मिस्ड द फेरी, गॉट वेट, गॉट हंग्री, गेटिंग उंडे फ्रॉम पोदेर, विल बी लेट.' (उंडे म्हणजे गोल पाव, पोदेर म्हणजे पाववाला.) मी उत्तर टाकलं, 'गेट सिक्स.'